वारंवार येणारे ५०२, ५०३ आणि ५०४: वेब सर्व्हर व टॉमकॅट यांच्यातील जोडणीचा दोष कसा शोधावा

समोर अपाची किंवा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे जावा अ‍ॅप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट आणि दोघांच्या मध्ये रहदारी गाळणारी एखादी फायरवॉल, अशी रचना असलेल्या बऱ्याच ठिकाणी एक तक्रार काही काळाने हमखास परत येते. वापरकर्त्याला पानाऐवजी ५०२ (मागच्या सर्व्हरकडून वैध उत्तर नाही), ५०३ (सेवा उपलब्ध नाही) किंवा ५०४ (उत्तर वेळेत आले नाही) हा त्रुटी-आकडा दिसतो, कोणीतरी टॉमकॅट रीस्टार्ट करते, सगळे सुरळीत होते, तिकीट बंद केले जाते आणि आठवडाभराने तेच तिकीट नव्या क्रमांकाने पुन्हा उघडले जाते. रीस्टार्टने लक्षण जाते, पण त्याबरोबर पुरावाही जातो. उघड्या जोडण्या बंद होतात, रांगेत अडकलेल्या विनंत्या नाहीशा होतात आणि विनंत्या हाताळणारे थ्रेड कशाची वाट पाहत थांबले होते, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

म्हणून सेवा कितीही तातडीने पूर्ववत करायची असली, तरी रीस्टार्टपूर्वी दोन-तीन मिनिटे काढून काही गोष्टी फाइलमध्ये जतन कराव्यात. दोन्ही यंत्रांवर ‘एसएस’ कमांड चालवून सर्व टीसीपी जोडण्यांची यादी घ्यावी, टॉमकॅटच्या प्रोसेसचे ‘जेस्टॅक’ने दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर आहे याच्या याद्या) घ्यावेत, आणि वेब सर्व्हरच्या एरर लॉगमधील त्या वेळेच्या ओळी वेगळ्या काढून ठेवाव्यात. यंत्रावर ‘जेस्टॅक’ नसेल, तर प्रोसेसला ‘किल’ कमांडने तीन क्रमांकाचा सिग्नल पाठवावा. नाव भीतीदायक असले तरी त्याने प्रोसेस मरत नाही. थ्रेड डंप टॉमकॅटच्या ‘कॅटलिना’ लॉगमध्ये लिहिला जातो. एकच डंप घेऊन भागत नाही, कारण एका क्षणी एखाद्या ओळीवर दिसलेला थ्रेड तेथे अडकला आहे की नुसता तेथून जात आहे, हे तीन डंपांच्या तुलनेतूनच समजते.

आकडा कोणी लिहिला?

५०२ आणि ५०४ हे बहुधा वेब सर्व्हरने स्वतः तयार केलेले उत्तर असते, परंतु ५०३ बाबत तसे गृहीत धरता येत नाही. तो टॉमकॅटवरील अ‍ॅप्लिकेशननेही पाठवलेला असू शकतो, आणि तसे असेल तर जोडणी पूर्णपणे निरोगी आहे व शोध अ‍ॅप्लिकेशनमध्ये घ्यायचा आहे. ही शंका फेडण्यासाठी टॉमकॅटचा अ‍ॅक्सेस लॉग चालू असणे आवश्यक आहे. वेब सर्व्हरच्या लॉगमधील नापास विनंती टॉमकॅटच्या लॉगमध्ये दिसते का, दिसत असल्यास कोणत्या आकड्यासह आणि किती वेळाने, एवढे पाहिले की अर्धे काम होते.

एन्जिनएक्सच्या लॉगच्या मांडणीत काही चल (व्हेरिएबल) मुद्दाम घालून ठेवावेत: मागच्या सर्व्हरचा पत्ता, त्याने दिलेला आकडा, जोडणी उभी राहण्यास लागलेला वेळ, उत्तराचे पहिले हेडर येण्यास लागलेला वेळ आणि पूर्ण विनंतीचा एकूण वेळ. मूळ, म्हणजे काही न बदललेल्या (डीफॉल्ट) मांडणीत यांपैकी काहीच नसते, आणि दोष येऊन गेल्यावर ते मागाहून मिळवता येत नाही. अपाचीत विनंतीचा एकूण कालावधी मायक्रोसेकंदांत नोंदवता येतो. टॉमकॅटच्या जुन्या आवृत्त्यांत मात्र त्याच चिन्हाचा अर्थ मिलिसेकंद असा आहे आणि नव्या आवृत्त्यांत तोही मायक्रोसेकंद झाला आहे. दोन लॉग शेजारी ठेवून वाचताना हा फरक विसरला, तर निष्कर्ष हजारपटीने चुकतो.

या नोंदींत एक गोष्ट विशेष शोधावी, ती म्हणजे गोल आकडे. विनंत्या बरोबर ६० सेकंदांवर तुटत असतील, तर एन्जिनएक्सची मूळ वाचन-मर्यादा (मागच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) किंवा अपाची २.४ ची मूळ टाइमआउट मर्यादा आड आली असे समजावे, कारण दोन्ही ६० सेकंदांच्याच आहेत. बरोबर ३० सेकंदांवर चूक येत असेल, तर वेब सर्व्हर निर्दोष असून मागे कोणीतरी हात वर केलेले आहेत. हिकारी या डेटाबेस पूलमध्ये (डेटाबेसच्या तयार जोडण्यांच्या साठ्यात) जोडणीची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ३० सेकंद आहे, आणि पायथॉनच्या गनीकॉर्न या अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरमध्ये वर्करला (काम करणाऱ्या प्रोसेसला) मिळणारी मूळ मुदतही तेवढीच आहे. खऱ्या मंदपणाचे आकडे विखुरलेले असतात. टाइमआउटचे आकडे एका रेषेत येतात.

जोडणी उभीच राहत नाही तेव्हा

एरर लॉगमधील ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा संदेश सर्वांत प्रामाणिक आहे. पॅकेट पोहोचले, पण त्या पत्त्यावर व त्या पोर्टवर कोणी ऐकत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. टॉमकॅट चालू असूनही हा संदेश येतो तेव्हा तो नेमका कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे ते ‘एसएस’ने पाहावे. टॉमकॅट केवळ १२७.०.०.१ वर ऐकत असेल आणि वेब सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर असेल, तर जोडणी मिळणार नाही, हे उघड आहे. तितके उघड नसलेले कारण म्हणजे वेब सर्व्हरच्या मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) लिहिलेले ‘लोकलहोस्ट’ हे नाव. त्याचे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पत्ते निघतात, एन्जिनएक्स दोन्हींकडे आळीपाळीने विनंत्या पाठवते आणि आयपीव्ही६ वर कोणीच ऐकत नसल्यामुळे लॉगमध्ये अधूनमधून नकाराच्या ओळी उमटत राहतात. नावाऐवजी थेट १२७.०.०.१ लिहिले की हा प्रश्न संपतो.

कंटेनरमध्ये चालणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनच्या बाबतीत याचाच एक भाऊबंद आढळतो. एन्जिनएक्स मांडणीत दिलेल्या यजमान-नावाचा पत्ता साधारणपणे सुरू होताना एकदाच विचारून घेते. नवी आवृत्ती तैनात करताना कंटेनर नव्याने तयार होतो, त्याला नवा आयपी पत्ता मिळतो आणि एन्जिनएक्स जुन्याच पत्त्याचे दार ठोठावत राहते. ‘प्रत्येक रिलीजनंतर ५०२ येते आणि एन्जिनएक्स रीलोड केले की जाते’ अशी तक्रार असेल, तर बाकी काही तपासण्याआधी हेच तपासावे. मांडणीत ‘रिझॉल्व्हर’ देऊन मागच्या सर्व्हरचे नाव चलामध्ये ठेवले, म्हणजे नाव वेळोवेळी पुन्हा विचारले जाते.

‘परमिशन डिनाइड’ असा संदेश आणि त्यात १३ हा क्रमांक असेल, तर नेटवर्ककडे पाहू नये. तो रेड हॅट घराण्यातील यंत्रांवरील एसईलिनक्स या सुरक्षा-यंत्रणेचा नकार आहे. वेब सर्व्हरला बाहेर जोडण्या करू देणारी ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ ही कळ चालू करावी लागते, आणि ती कायमस्वरूपी पर्यायासह चालू करावी लागते. तो पर्याय न दिल्यास यंत्र रीबूट होताच दोष परत येतो, आणि तोवर आधीचा उपाय कोणी केला होता हे सगळे विसरलेले असतात.

जोडणीलाच टाइमआउट येतो तेव्हा दोन शक्यता उरतात. फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल, किंवा टॉमकॅटच्या पोर्टवरील स्वीकार-रांग (टॉमकॅटने उचलेपर्यंत नव्या जोडण्या जेथे थांबतात ती) भरलेली असेल. ही दुसरी शक्यता ओळखण्याची एक खूण आहे. रांग भरली की लिनक्स मूळ मांडणीनुसार नकार पाठवत नाही, आलेले पॅकेट नुसते सोडून देते. समोरचे यंत्र ते एका सेकंदाने पुन्हा पाठवते, मग आणखी दोन सेकंदांनी, मग चार. त्यामुळे जोडणीच्या वेळांच्या नोंदीत एरवी एखादा मिलिसेकंद दिसत असताना अचानक १, ३ आणि ७ सेकंदांच्या आसपासचे आकडे दिसू लागले, तर रांग भरत आहे असे खुशाल समजावे. खात्रीसाठी टॉमकॅटच्या यंत्रावर ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढावी. तेथे ‘रिसीव्ह-क्यू’ म्हणजे सध्या रांगेत असलेल्या जोडण्या आणि ‘सेंड-क्यू’ म्हणजे रांगेची कमाल लांबी. टॉमकॅटमधील ‘अ‍ॅक्सेप्ट काउंट’ मुळात १०० असतो, पण तो वाढवला तरी कर्नलच्या ‘सोमॅक्सकॉन’च्या पलीकडे जात नाही; ही कर्नलमर्यादा ५.४ आवृत्तीपूर्वी मुळात १२८ होती आणि त्या आवृत्तीपासून ४०९६ झाली.

येथे एक सावधगिरी बाळगावी. टॉमकॅटचा आजचा एनआयओ कनेक्टर (जोडण्या स्वीकारणारा भाग) मुळात ८१९२ जोडण्यांपर्यंत स्वीकारत राहतो, मग काम करणारे थ्रेड २०० च का असेनात. म्हणजे सर्व थ्रेड अडकलेले असतानाही जोडणी झटक्यात मिळते आणि प्रतीक्षा पुढच्या टप्प्यात, उत्तराची वाट पाहताना, दिसते. तेव्हा एनआयओवर स्वीकार-रांग भरलेली आढळली, तर थ्रेड कमी पडल्याच्या आधी जावाची प्रक्रियाच काही सेकंद गोठली होती का, हे जावाच्या कचरा-संकलनाच्या (गार्बेज कलेक्शनच्या) लॉगमध्ये पाहणे अधिक फलदायी ठरते.

जोडणी मिळते, पण वापरताना तुटते

एन्जिनएक्सच्या लॉगमधील ‘अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन’ किंवा १०४ क्रमांकासह येणारा ‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’, आणि अपाचीच्या लॉगमधील दूरच्या सर्व्हरची स्टेटस-ओळ वाचता आली नाही अशा अर्थाचा एएच०११०२ हा संदेश, हे सर्व एकाच कुळातील आहेत. टॉमकॅट खरोखर कोसळला असेल तर तो त्याच्या लॉगमध्ये दिसतो. तो ठणठणीत असताना, दिवसातून मोजक्या वेळा आणि कोणताही नेम न दिसता असे संदेश येत असतील, तर दोष जवळजवळ नेहमी पुनर्वापरासाठी राखून ठेवलेल्या जोडण्यांच्या वेळापत्रकात असतो.

प्रत्येक विनंतीसाठी नवी जोडणी उभारणे खर्चिक असल्यामुळे वेब सर्व्हर काम झालेली जोडणी बंद न करता जवळ ठेवतो. अशी रिकामी जोडणी किती वेळ उघडी ठेवायची, याचा निर्णय दोन्ही बाजू एकमेकांना न विचारता घेतात. टॉमकॅटने आपली मुदत संपल्यावर जोडणी बंद केल्याचे पॅकेट धाडले, आणि ते वाटेत असतानाच वेब सर्व्हरने त्याच जोडणीवरून नवी विनंती पाठवली, तर त्या विनंतीला उत्तर म्हणून रीसेट मिळतो. ही शर्यत काही मिलिसेकंदांची असते, म्हणून चाचणीत ती कधीच सापडत नाही आणि भरपूर रहदारीत मात्र रोज एक-दोनदा घडते.

यावरचा नियम एकच आहे: जी बाजू विनंती पाठवते, तिनेच रिकामी जोडणी आधी बंद करावी. वेब सर्व्हरची मुदत अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरच्या मुदतीपेक्षा निश्चितपणे कमी असावी. दुर्दैवाने मूळ मांडण्यांचा क्रम बरोबर उलटा आहे. एन्जिनएक्समध्ये मागच्या बाजूच्या राखीव जोडण्या वापरात असल्या, की त्यांची मूळ मुदत ६० सेकंद असते. टॉमकॅटबरोबर येणाऱ्या ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मध्ये एचटीटीपी कनेक्टरचा ‘कनेक्शन टाइमआउट’ २०,००० मिलिसेकंद, म्हणजे २० सेकंद, लिहिलेला असतो आणि ‘कीप-अलाइव्ह टाइमआउट’ वेगळा दिला नसेल तर तोच लागू होतो. नोडजेएसमध्ये ही मुदत मुळात ५ सेकंद आणि गनीकॉर्नमध्ये २ सेकंद आहे, म्हणजे तेथे प्रश्न अधिकच तीव्र होतो. टॉमकॅटचा ‘कीप-अलाइव्ह टाइमआउट’ ७५ सेकंदांवर नेणे किंवा एन्जिनएक्सची मुदत १५ सेकंदांवर आणणे, यांपैकी कोणताही एक उपाय पुरतो. अपाचीच्या प्रॉक्सी मॉड्यूलमध्ये हेच काम ‘टीटीएल’ हा पॅरामीटर करतो. जोडण्यांचा पुनर्वापरच बंद करणारा पर्यायही अपाचीत आहे, आणि दोष याच कुळातला आहे का हे पडताळण्यासाठी तो एक दिवस लावून पाहण्यास हरकत नाही. कायमचा उपाय म्हणून तो मला पसंत नाही, कारण त्यामुळे प्रत्येक विनंतीवर नव्या जोडणीचा भार पडतो.

या दोषाचे आणखी एक लक्षण नेहमी दिशाभूल करते. ‘पान उघडते, पण सेव्ह करताना चूक येते’ असे वापरकर्ते सांगतात आणि संशय अ‍ॅप्लिकेशनच्या सेव्हच्या कोडवर जातो. राखीव जोडणी तुटलेली निघाली, तर एन्जिनएक्स ‘गेट’ (केवळ वाचणारी) विनंती गुपचूप दुसऱ्या जोडणीवरून पुन्हा पाठवते, म्हणून वापरकर्त्याला काहीच जाणवत नाही. एकदा पाठवलेली ‘पोस्ट’ (माहिती साठवायला धाडणारी) विनंती मात्र १.९.१३ या आवृत्तीपासून ती आपणहून पुन्हा पाठवत नाही, कारण तीच नोंद दोनदा साठवली जाण्याचा धोका असतो. परिणामी तुटणाऱ्या जोडण्यांपैकी केवळ ‘पोस्ट’वाल्या जगाला दिसतात. हा वागणुकीचा फरक पालटणारा पर्याय एन्जिनएक्समध्ये उपलब्ध आहे. आर्थिक व्यवहार असलेल्या प्रणालीत त्याला हात लावू नये.

सकाळचा पहिला वापरकर्ता

एका कार्यालयातील अंतर्गत प्रणालीत अपाची बाहेरच्या सुरक्षित पट्ट्यात होते, टॉमकॅट आतल्या नेटवर्कमध्ये, दोघांत मॉड-जेके (अपाचीला टॉमकॅटशी जोडणारे मॉड्यूल) आणि ८००९ पोर्टवरील एजेपी (त्या दोघांच्या संवादाचा प्रोटोकॉल). तक्रार अशी होती, की रोज सकाळी कामकाज सुरू होताना पहिल्या काही जणांचे पान कित्येक मिनिटे फिरत राहते, शेजारी बसलेल्याचे मात्र लगेच उघडते, आणि तासाभरात कोणालाच त्रास उरत नाही. सोमवारी आणि सुट्टीनंतर त्रास अधिक होई. दुपारी केलेल्या प्रत्येक चाचणीत प्रणाली निर्दोष ठरत असे.

त्रास चालू असताना घेतलेल्या ‘एसएस’च्या दोन याद्या शेजारी ठेवल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. वेब सर्व्हरवर ८००९ कडे जाणाऱ्या एका जोडणीची स्थिती ‘एस्टॅब्लिश्ड’ होती, तिच्या ‘सेंड-क्यू’मध्ये (चालू जोडणीत ही पाठवलेल्या पण पोच न मिळालेल्या बाइटांची रांग असते) विनंतीचे बाइट अडकून पडलेले होते आणि शेजारी पुन्हा पाठवण्याचा टाइमर चालू होता. टॉमकॅटवर त्याच पोर्टजोडीची ओळ तितक्याच शांतपणे ‘एस्टॅब्लिश्ड’ होती आणि तिची ‘रिसीव्ह-क्यू’ शून्य होती. दोन्ही यंत्रांच्या मते जोडणी जिवंत होती. मधली फायरवॉल तिला रात्रीच विसरली होती.

बहुतेक फायरवॉल वापरात नसलेल्या टीसीपी जोडणीची नोंद ठरावीक काळाने काढून टाकतात. सिस्को एएसएमध्ये हा मूळ काळ एक तासाचा आहे. अझूरच्या लोड बॅलन्सरमध्ये तो मुळात ४ मिनिटे, तर एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेमध्ये ३५० सेकंद आहे. नोंद काढताना दोन्ही टोकांना कळवले जाईलच असे नाही. सकाळी अपाचीने त्या जोडणीवर विनंती लिहिली, की फायरवॉल ते पॅकेट अनोळखी म्हणून टाकून देते, कर्नल ते पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि लिनक्सच्या मूळ मांडणीत १५ प्रयत्नांनंतर जोडणी मृत ठरवण्यास सुमारे १५ मिनिटे लागतात. अपाचीच्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसचा जोडण्यांचा साठा वेगळा असल्यामुळे एकेका मृत जोडणीला कोणीतरी एकदा बळी पडावेच लागते. त्रास हळूहळू विरत जाण्याचे कारण हेच.

‘टीसीपी कीप-अलाइव्ह चालू आहे, मग असे कसे होईल?’ असा प्रश्न या टप्प्यावर नेहमी येतो. समोरचे टोक जिवंत आहे का, अशी पहिली कीप-अलाइव्ह चौकशी लिनक्समध्ये मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, निघते. फायरवॉल तोपर्यंत एक तास आधीच नोंद पुसून मोकळी झालेली असते. कीप-अलाइव्हवर भिस्त ठेवायची असेल, तर वेब सर्व्हरच्या मांडणीत तो पर्याय स्पष्टपणे चालू करावा आणि कर्नलमधील ७२०० चा आकडा फायरवॉलच्या मर्यादेच्या बराच खाली आणावा.

मॉड-जेकेमध्ये उपाय तीन ठिकाणी करावा लागतो, आणि एकच करून थांबल्यामुळे दोष परत आलेला मी अनेकदा पाहिला आहे. पहिले, टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरचा ‘कनेक्शन टाइमआउट’ मुळात अमर्याद असतो, तो ६,००,००० करावा. दुसरे, मॉड-जेकेच्या मांडणीतील वर्करचा (म्हणजे टॉमकॅटच्या नोंदीचा) ‘कनेक्शन पूल टाइमआउट’ ४८० च्या आसपास ठेवावा. हा आकडा सेकंदांत असतो आणि टॉमकॅटचा मिलिसेकंदांत, त्यामुळे दोन्हीकडे ६०० लिहून टॉमकॅटला जोडण्या अर्ध्या-पाऊण सेकंदात तोडायला लावणारे महाभागही आढळतात. याच वेळी पूलची किमान संख्या शून्य करावी, कारण ती मुळात कमाल संख्येच्या निम्मी असते आणि तेवढ्या जोडण्यांना टाइमआउट लागूच होत नाही. तिसरे, मॉड-जेके आपल्या साठ्याची आवराआवर मुळात विनंत्या येतील तेव्हाच करते, आणि रात्री विनंत्याच नसतात. म्हणून ‘वॉचडॉग इंटरव्हल’ ६० सेकंदांवर ठेवावा, म्हणजे स्वतंत्र थ्रेड हे काम करत राहतो.

याशिवाय ‘पिंग मोड’ सर्व प्रकारांसाठी चालू केला, तर प्रत्येक विनंतीपूर्वी मॉड-जेके टॉमकॅटला एक छोटी चौकशी पाठवते आणि उत्तर न आल्यास ती जोडणी फेकून देते. ही चौकशीसुद्धा मुळात १० सेकंद थांबते, हे ध्यानात ठेवावे. ती पंधरा मिनिटांचा त्रास दहा सेकंदांवर आणते. त्रास होऊच न देण्याचे काम वरचे तीन उपाय करतात.

मागचा सर्व्हरच वेळ लावतो तेव्हा

५०४ आला, की वेब सर्व्हरची वाचन-मर्यादा ६० वरून ३०० करण्याचा मोह होतो. एखादा मोठा अहवाल खरोखरच दोन मिनिटे घेत असेल, तर फक्त त्या पत्त्यापुरती ती वाढवणे रास्त आहे. सरसकट वाढवल्यास अडकलेल्या विनंत्या पाचपट काळ जागा अडवून बसतात आणि पूर्वी काही जणांना ५०४ येत होते, तेथे आता सर्वांनाच यायला लागते.

थ्रेड डंप येथे कामी येतात. दोनशेपैकी बहुतेक थ्रेड डेटाबेस पूलकडून जोडणी मिळण्याच्या प्रतीक्षेत असतील, तर वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्यामध्ये काहीही बिघडलेले नाही. हिकारीच्या पूलमध्ये मुळात १० जोडण्या असतात. दोनशे थ्रेड आणि दहा जोडण्या हे प्रमाण रोजच्या गर्दीत निभावते आणि एखादी क्वेरी मंदावली की पार कोसळते. सर्व थ्रेड एकाच बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत असतील, तर त्या सेवेसाठी अ‍ॅप्लिकेशनमध्ये वाचन-मर्यादा दिलेलीच नाही, असे बहुधा निघते. टॉमकॅटच्या यंत्रावर ‘क्लोज वेट’ स्थितीतील जोडण्या शेकड्यांनी साचत असतील, तर समोरच्याने केव्हाच जोडणी सोडली असून आपले अ‍ॅप्लिकेशन ती बंद करण्यापर्यंत पोहोचलेलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

टॉमकॅट परत आला, तरी ५०३

अपाचीत एखाद्या वर्करशी जोडणी फसली, की अपाची त्याला सदोष ठरवते आणि मुळात ६० सेकंद त्याच्याकडे काही पाठवतच नाही. मागे एकच टॉमकॅट असेल, तर पाच सेकंदांच्या अडथळ्याचे रूपांतर पूर्ण मिनिटाच्या ५०३ मध्ये होते. अशा ठिकाणी ‘रीट्राय’ शून्य ठेवावा. एन्जिनएक्समध्ये एका अपयशानंतर १० सेकंद सर्व्हर बाजूला ठेवण्याची मूळ पद्धत आहे, पण सर्व्हर एकटाच असेल तर ती लागू होत नाही. दोन किंवा अधिक असतील आणि सर्व एकाच वेळी बाजूला ठेवले गेले, तर लॉगमध्ये ‘नो लाइव्ह अपस्ट्रीम्स’ असे येते. तो संदेश परिणामाचा आहे; कारण त्याच्या काही सेकंद आधीच्या ओळींत शोधावे.

अद्ययावत केल्यानंतरचे ४०३, आणि मोजक्यांनाच येणारे ५०२

फेब्रुवारी २०२० मध्ये उघड झालेल्या ‘घोस्टकॅट’ या एजेपीतील सुरक्षा-त्रुटीनंतर टॉमकॅटने एजेपीचे मूळ वर्तन बदलले. ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांपासून एजेपी कनेक्टर मुळात बंद असतो, चालू केल्यास फक्त त्याच यंत्राच्या लूपबॅक पत्त्यावर ऐकतो, आणि सामाईक गुपित शब्द दिल्याशिवाय सुरूच होत नाही. सुरक्षा-अद्ययावतीनंतर अचानक ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर पत्ता पाहावा, आणि प्रत्येक विनंतीला ४०३ (प्रवेश नाकारला) आले तर दोन्ही बाजूंचे गुपित जुळते का ते पाहावे. मॉड-जेकेला हे गुपित पूर्वीपासून देता येते. अपाचीच्या स्वतःच्या एजेपी मॉड्यूलला ते २.४.४२ पासून देता येते. गुपिताची अट काढून टाकणारा पर्याय उपलब्ध असला, तरी ८००९ पोर्ट दुसऱ्या यंत्रांना दिसत असताना तो वापरू नये. नव्या मांडणीत तर मी एजेपीऐवजी सरळ एचटीटीपीच निवडेन, कारण त्यावर ‘कर्ल’ या कमांडने थेट चाचणी घेता येते.

काही ठरावीक वापरकर्त्यांनाच, पण त्यांना प्रत्येक वेळी ५०२ येत असेल, तर हेडरचा आकार तपासावा. सिंगल साइन-ऑनच्या मोठ्या कुकी परत पाठवणारे उत्तर एन्जिनएक्सच्या ४ किंवा ८ किलोबाइटच्या पहिल्या बफरमध्ये मावत नाही आणि लॉगमध्ये ‘अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर’ उमटते. एजेपीत पॅकेटची मूळ मर्यादा ८१९२ बाइट आहे आणि ती वाढवायची असल्यास दोन्ही बाजूंना सारखीच वाढवावी लागते. त्या व्यक्तीने ब्राउझरमधील कुकी पुसल्यावर काम होऊ लागले, तर निदान पक्के झाले.

दुरुस्ती लागू पडली का

एका वेळी एकच बदल करावा, आणि त्याचा परिणाम वापरकर्त्यांच्या शांततेवरून न ठरवता आकड्यांवरून ठरवावा. राखीव जोडण्यांच्या शर्यतीसाठी एरर लॉगमधील मुदतपूर्व बंद झालेल्या जोडण्यांची रोजची संख्या पाहावी. मुदतींचा क्रम बरोबर झाला असेल, तर ती शून्याच्या जवळ येते. स्वीकार-रांगेसाठी ‘एनस्टॅट’ या कमांडमधील ‘लिसन ओव्हरफ्लोज’ हा कर्नलचा गणक पुरेसा आहे. तो वाढतो आहे की स्थिर आहे, एवढेच पाहायचे. फायरवॉलच्या दोषासाठी सोमवार सकाळची वाट पाहण्याची गरज नाही. फायरवॉलच्या मर्यादेपेक्षा थोडा अधिक काळ प्रणाली शांत ठेवता येईल अशा चाचणी-यंत्रावर एक विनंती करावी, तेवढा वेळ थांबावे आणि त्याच प्रोसेसकडे दुसरी विनंती पाठवून ती किती वेळात परतते ते मोजावे.

नेटवर्क विभागाकडे जायचे झाल्यास ‘फायरवॉलमध्ये काहीतरी आहे’ असे सांगून उपयोग होत नाही. नियम तपासून ‘पोर्ट उघडा आहे’ असेच उत्तर मिळते, आणि ते खरेही असते. दोन्ही यंत्रांची घड्याळे एनटीपीने जुळलेली असल्याची खात्री करून एकाच वेळी दोन्हीकडे ‘टीसीपीडंप’ (येणारी-जाणारी पॅकेट नोंदवणारी कमांड) चालवावा आणि वेब सर्व्हरवरून निघालेले, पण टॉमकॅटवर न पोहोचलेले पॅकेट त्याच्या पोर्टजोडीसह व सेकंदासह दाखवावे. त्याच पोर्टजोडीवरील शेवटचे यशस्वी पॅकेट किती वेळापूर्वीचे होते, हेही शेजारी लिहावे. ते अंतर फायरवॉलच्या निष्क्रिय जोडणीच्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले, तर पुढची चर्चा फारशी लांबत नाही.